एअरबॅगचा दिवा विझतच नाही? फोनवर फॉल्ट कसा बघायचा आणि कुठे थांबायचं



गाडीची चावी फिरवली की मीटरमध्ये बरेच दिवे लागतात आणि थोड्या वेळात विझतात. त्यातल्या एका दिव्यावर सीटवर बसलेला माणूस आणि त्याच्यासमोर एक गोल फुगा असतो. हा एअरबॅगचा दिवा. तो विझलाच नाही तर काय करायचं? फोनवर फॉल्ट बघता येतो का? आणि गॅरेजवाला "काही नाही, दिवा घालवून देतो" म्हणाला, तर हो म्हणायचं का? आजच्या लेखात आपण हे सगळं पाहणार आहोत.

आमच्या घरी २०१९ ची एक सेकंडहँड हॅचबॅक आहे. पुढे दोन एअरबॅग. बाबा त्या गाडीने आठवड्यातून दोनदा सातारा-पुणे करतात. गेल्या पावसाळ्यात हा दिवा लागला आणि लागलेलाच राहिला. बाबांचं म्हणणं, "गाडी पळतेय ना? मग राहू दे." आणि मी? मी फोनवर ॲप टाकलं, "नो फॉल्ट" असा मेसेज बघितला आणि बाबांना सांगितलं, "सगळं ओके आहे." ते ओके नव्हतं. माझी चूक कुठे झाली हे खाली सविस्तर सांगतो, म्हणजे तुमची होणार नाही.

दिवा नेमकं काय सांगतो?

चावी ऑन केल्यावर एअरबॅगचा दिवा साधारण ६ सेकंद लागतो आणि विझतो. एवढ्या वेळात सिस्टीम स्वतःची तपासणी करते. यातून तीन शक्यता निघतात:

• दिवा लागला आणि विझला: सिस्टीमला तिच्या वायरिंगमध्ये दोष सापडला नाही.
• दिवा लागला आणि विझलाच नाही, किंवा चालत्या गाडीत पुन्हा लागला: फॉल्ट आहे. अपघात झाला तर एअरबॅग उघडेलच याची खात्री नाही.
• दिवा सुरुवातीलाही लागला नाही: हे सगळ्यात संशयास्पद. बल्ब गेलेला असेल, किंवा कोणीतरी तो मुद्दाम बंद केलेला असेल. सेकंडहँड गाडी घेताना हे नक्की बघा.

आणखी एक गोष्ट. हा दिवा फक्त फुग्याचा नाही. अपघाताच्या क्षणी सीटबेल्ट आवळून धरणारी यंत्रणा, म्हणजे प्रीटेन्शनर, याच सिस्टीममध्ये असते. त्यामुळे दिवा लागलेला असताना बेल्टची ही यंत्रणाही दगा देऊ शकते. काही गाड्यांत "पॅसेंजर एअरबॅग ऑफ" असा वेगळा दिवा असतो. तो लहान मुलांच्या सीटसाठी एअरबॅग बंद केल्याचं दाखवतो. दोघांची गल्लत करू नका.

एअरबॅग सिस्टीम काम कशी करते?

थोडक्यात समजून घेऊ, म्हणजे पुढचं सोपं जाईल.

गाडीच्या मध्यभागी, साधारणपणे गिअरच्या आसपास कन्सोलखाली, एक छोटा डबा असतो. हा एअरबॅगचा कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे सिस्टीमचा मेंदू. पुढच्या बाजूला धक्का ओळखणारे सेन्सर असतात. जोरात धडक बसली की मॉड्यूल काही मिलिसेकंदांत निर्णय घेतो आणि एअरबॅगच्या मागे असलेल्या इन्फ्लेटरला करंट पाठवतो. आतलं रसायन पेटतं, गॅस तयार होतो आणि फुगा भरतो. समोरून धडक बसल्यापासून फुगा भरेपर्यंत साधारण ५० मिलिसेकंद लागतात. तुमची पापणी लवायलाही यापेक्षा जास्त वेळ लागतो.

आता मुद्द्याचा भाग. एअरबॅग एकदाच वापरता येते, मग ती चालू आहे की नाही हे तपासायचं कसं? उघडून तर बघता येत नाही. म्हणून मॉड्यूल प्रत्येक एअरबॅगच्या सर्किटमधून अगदी बारीक, न पेटवणारा करंट सोडून रेझिस्टन्स मोजत राहतो. तो साधारण २ ओहमच्या आसपास असायला हवा. खूप वाढला तर वायर कुठेतरी तुटली किंवा कनेक्टर सैल झाला. खूप कमी झाला तर शॉर्ट. दोन्ही वेळेला मॉड्यूल एक कोड साठवतो आणि दिवा लावतो.

म्हणजे दिवा हा त्रास देणारा अलार्म नाही. एअरबॅग जिवंत आहे की नाही हे सांगणारी गाडीतली ती एकच खूण आहे.

माझी चूक: ॲप म्हणालं "नो फॉल्ट"

स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याजवळ १६ पिनांचा एक सॉकेट असतो. त्याला ओबीडी पोर्ट म्हणतात. त्यात लावायचा छोटा ब्लूटूथ अडॅप्टर ऑनलाइन मिळतो. बहुतेक स्वस्त अडॅप्टरवर ईएलएम ३२७ असं लिहिलेलं असतं. मी साडेसहाशे रुपयांना घेतला, फोनशी पेअर केला, फुकटचं ॲप टाकलं आणि स्कॅन मारला. "नो फॉल्ट कोड्स." मी खूश.

पण ओबीडीची ही सोय मुळात प्रदूषण तपासण्यासाठी आली. सगळ्या कंपन्यांना सारखा ठेवावा लागणारा भाग म्हणजे इंजिन आणि धूर यांच्याशी संबंधित कोड. साधं ॲप तेवढंच विचारतं. एअरबॅगच्या मॉड्यूलशी बोलायला प्रत्येक कंपनीची वेगळी पद्धत असते. माझ्या ॲपने एअरबॅगच्या मॉड्यूलला काही विचारलंच नव्हतं. उत्तर इंजिनकडून आलं होतं आणि इंजिन ठणठणीत होतं!

कोडचं पहिलं अक्षर बघितलं की हे लगेच कळतं:

• पी: इंजिन आणि गिअरबॉक्स
• सी: चॅसिस, म्हणजे ब्रेक, एबीएस वगैरे
• बी: बॉडी. एअरबॅगचे कोड बहुतेक इथेच येतात
• यू: गाडीतल्या मॉड्यूलचं एकमेकांशी बोलणं

तुमचं ॲप फक्त पी कोड दाखवत असेल, तर एअरबॅगबद्दल त्याचं मत विचारात घेऊ नका. मीटरमधला दिवा आणि ॲप यांचं पटत नसेल, तर दिव्यावर विश्वास ठेवा.

मग फोनवर एअरबॅगचा कोड दिसतच नाही का?

काही गाड्यांत दिसतो. काही ॲपमध्ये गाडीची कंपनी आणि मॉडेल निवडून त्याचं प्रोफाईल लावता येतं. तेव्हा इंजिन, एबीएस, एअरबॅग अशी मॉड्यूलची यादी येते. यादीत एअरबॅग किंवा एसआरएस असं नाव आलं आणि त्यापुढे "कनेक्टेड" दिसलं, तरच तो स्कॅन खरा. नाव आलंच नाही तर गॅरेजचा मोठा स्कॅनर लागेल, हे मान्य करा.

अडॅप्टर घेताना आणि वापरताना एवढं लक्षात ठेवा:

१. अँड्रॉइडला साधा ब्लूटूथ अडॅप्टर चालतो. पेअरिंगचा पिन बहुतेक वेळा १२३४ किंवा ०००० असतो.
२. आयफोनला ब्लूटूथ ४.० वाला किंवा वायफायवाला अडॅप्टर लागतो. साधा जुना ब्लूटूथ अडॅप्टर आयफोनशी जोडला जात नाही.
३. वायफायवाला वापरताना फोन अडॅप्टरच्या वायफायला जोडलेला असतो. इंटरनेट बंद पडल्यासारखं वाटेल, घाबरू नका.
४. गाडी उभी असताना, हँडब्रेक लावून स्कॅन करा. चालवताना नाही.
५. ॲपमध्ये "कोडिंग" किंवा "ॲडाप्टेशन" असे पर्याय असतील तर त्यांना हात लावू नका. आपल्याला फक्त वाचायचं आहे.
६. काम झालं की अडॅप्टर काढून ठेवा. तो बॅटरी खात राहतो.

कोड मिळाला, आता त्याचा अर्थ काय?

समजा बी०००१ असा कोड आला. हा ड्रायव्हरच्या समोरच्या एअरबॅगचं सर्किट दाखवणारा कोड आहे. इथे बरेच जण घाई करतात: "एअरबॅग गेली, नवीन टाका." तसं नाही. कोड सर्किटचं नाव सांगतो, खराब पार्टचं नाही. त्या सर्किटमध्ये एअरबॅग आहे, कनेक्टर आहेत, वायर आहे आणि स्टिअरिंगमधला क्लॉक स्प्रिंग आहे. दोष यातल्या कशातही असू शकतो.

कोडसोबत दोन शब्द येतात, तेही बघा. "करंट" म्हणजे दोष आत्ता आहे. "हिस्टरी" म्हणजे मध्ये येऊन गेला. येतो-जातो अशा प्रकारचा दोष असेल तर संशय बहुतेक वेळा सैल कनेक्टर किंवा झिजलेल्या वायरवर जातो.

कोड मिटवण्याआधी स्क्रीनशॉट काढा. मी पहिल्यांदा तो न काढताच "क्लिअर" दाबलं होतं. दिवा दोन दिवस गेला, परत आला आणि गॅरेजमध्ये सांगायला माझ्याकडे काहीच नव्हतं.

दिवा लागण्याची नेहमीची कारणं

क्लॉक स्प्रिंग: स्टिअरिंग फिरतं, पण त्यातल्या एअरबॅगपर्यंत वायर तर जायला हवी. ती वायर सपाट पट्टीसारखी गुंडाळून एका डबीत ठेवलेली असते. स्टिअरिंगबरोबर ती उलगडते आणि गुंडाळते. हीच क्लॉक स्प्रिंग, काही मेकॅनिक तिला स्पायरल केबल म्हणतात. हॉर्न आणि स्टिअरिंगवरच्या बटणांच्या वायरीही बहुतेक गाड्यांत इथूनच जातात. म्हणून एअरबॅगचा दिवा लागला आणि हॉर्नही मध्येच वाजेनासा झाला, तर पहिला संशय हिच्यावर. ही सगळ्यात उपयोगी खूण आहे आणि तिला ॲप लागत नाही.

सीटखालचा कनेक्टर: पुढच्या सीटखाली सहसा पिवळ्या रंगाचा कपलर असतो. सीट मागे-पुढे करताना तो ओढला जातो. सीटखाली ठेवलेली छत्री, पाण्याची बाटली, व्हॅक्यूम क्लीनरचा पाईप, काहीही त्यात अडकू शकतं.

पाणी: पावसाळ्यात रस्त्यावर पाणी साचलं आणि ते गाडीत शिरलं, की कार्पेट ओलं होतं. सीटखालचे कपलर आणि मॉड्यूल दोन्ही खालच्याच बाजूला असतात. गाडी वरून वाळते, पण पिनांवर गंज चढत राहतो. दिवा दोन-तीन महिन्यांनीही लागू शकतो. मुंबई, पुणे, कोकणातल्या वाचकांनी हे लक्षात ठेवा.

बॅटरी: व्होल्टेज फार कमी झालं की मॉड्यूल तक्रार करतो. बॅटरी उतरल्यानंतर किंवा जंप-स्टार्ट केल्यानंतर दिवा लागला असेल तर हे कारण आधी तपासा.

उंदीर: पार्किंगमध्ये बरेच दिवस उभ्या असलेल्या गाडीच्या वायरी कुरतडलेल्या सापडतात.

जुना अपघात: एअरबॅग उघडून गेलेली असेल तर मॉड्यूलमध्ये धडकेची नोंद राहते. बऱ्याच गाड्यांत ती साध्या स्कॅनरने मिटत नाही, मॉड्यूल बदलावा लागतो.

घरी काय करायचं? स्टेप बाय स्टेप

१. चावी ऑन करताना दिव्याचा व्हिडिओ काढा. लागतो का, किती सेकंदांनी विझतो, परत लागतो का?
२. दिवा लागण्याच्या आदल्या दिवसात काय घडलं ते आठवा. सीट सरकवली? गाडी धुतली? पाण्यातून नेली? बॅटरी काढली? नवीन म्युझिक सिस्टीम बसवली?
३. हॉर्न आणि स्टिअरिंगवरची बटणं तपासा. गाडी उभी ठेवून, स्टिअरिंग थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे फिरवून हॉर्न वाजवून बघा.
४. चावी बंद करून फोनच्या टॉर्चने सीटखाली बघा. अडकलेली वस्तू काढा. पिवळी वायर ताणलेली किंवा ओली दिसली तर फोटो काढा. कपलर ओढू नका, दाबू नका.
५. ॲपमध्ये तुमच्या गाडीचं प्रोफाईल असेल तर स्कॅन करा आणि स्क्रीनशॉट घ्या.
६. व्हिडिओ, फोटो, स्क्रीनशॉट आणि तारीख घेऊन सर्व्हिस सेंटरला जा.

बस, इथे थांबायचं. यापुढचं काम शिकलेल्या माणसाचं.

काय अजिबात करायचं नाही?

• मल्टिमीटर लावून एअरबॅगचा रेझिस्टन्स मोजू नका. मीटर स्वतः करंट सोडतो आणि इन्फ्लेटर पेटू शकतो. तोंडासमोर उघडलेली एअरबॅग म्हणजे छोटा स्फोटच.
• व्हिडिओ बघून स्टिअरिंग उघडू नका. बॅटरी काढली तरी मॉड्यूलमधल्या कपॅसिटरमध्ये चार्ज शिल्लक असतो. अपघातात बॅटरी तुटली तरी एअरबॅग उघडावी म्हणून तो ठेवलेला असतो. किती वेळ थांबायचं हे प्रत्येक कंपनीच्या मॅन्युअलमध्ये ठरलेलं असतं. कुठे ९० सेकंद, कुठे कित्येक मिनिटं.
• पिवळ्या वायरीला दुसरी वायर जोडून म्युझिक सिस्टीम, लाईट किंवा चार्जर चालवू नका. तो पिवळा रंग "हात लावू नका" सांगायलाच दिलेला आहे.
• बेल्टचा आवाज बंद करायला बकलमध्ये खोटी क्लिप घालू नका. एअरबॅग ही बेल्टला जोड आहे, बेल्टऐवजी नाही. बेल्ट नसताना माणूस पुढे फेकला जातो आणि उघडणाऱ्या फुग्यावर आदळतो.

रेझिस्टरचा जुगाड: सगळ्यात धोकादायक दुरुस्ती

दिवा परत आल्यावर मी एका इलेक्ट्रिशियनकडे गेलो. त्याने स्कॅनरही लावला नाही. म्हणाला, "तीनशे रुपये द्या, दहा मिनिटांत दिवा घालवतो." मी विचारलं, कसा? तो हसला. "एक रेझिस्टर टाकतो. सिस्टीमला वाटतं एअरबॅग आहे."

वर आपण पाहिलं की मॉड्यूल फक्त रेझिस्टन्स मोजतो. एअरबॅगच्या जागी तेवढ्याच ओहमचा रेझिस्टर जोडला की मॉड्यूल फसतो आणि दिवा विझतो. पण धडक बसल्यावर करंट जातो रेझिस्टरला. फुगा उघडत नाही. तंत्रज्ञ तपासणीपुरता असा रेझिस्टर लावतात. एअरबॅग काढून तो लावला आणि फॉल्ट गेला, म्हणजे दोष एअरबॅगमध्ये. राहिला, म्हणजे वायरिंगमध्ये. ही तपासणीची रीत आहे. तो तसाच ठेवून गाडी ग्राहकाला देणं म्हणजे फसवणूक.

खरं सांगतो, मी दोन मिनिटं विचार केला होता. तीनशे रुपयेच तर. मग डोळ्यांसमोर आलं, बाबा रोज तो विझलेला दिवा बघतील आणि निश्चिंत होऊन घाट उतरतील. दिवा लागलेला असताना निदान कळत तरी होतं की काहीतरी बिघडलंय. मी गाडी घेऊन निघालो.

आमच्या गाडीत शेवटी काय निघालं?

सर्व्हिस सेंटरला त्यांच्या स्कॅनरवर ड्रायव्हर एअरबॅगचा कोड आला. तंत्रज्ञाने लाईव्ह डेटा उघडला आणि मला स्क्रीन दाखवली. स्टिअरिंग सरळ असताना आकडा २ ओहमच्या थोडा वर. त्याने स्टिअरिंग हळूहळू डावीकडे नेलं आणि आकडा एकदम उडाला. सर्किट तुटलं. त्याच जागी हॉर्नही बंद. तेव्हा मला आठवलं की बाबा महिनाभर म्हणत होते, "वळणावर हॉर्न कधीकधी वाजत नाही." आम्ही दोन्ही गोष्टी जोडूनच बघितल्या नव्हत्या.

क्लॉक स्प्रिंग बदलली. मजुरीसकट पाच हजार आठशे रुपये गेले. तंत्रज्ञाचा अंदाज होता की आधीच्या मालकाने स्टिअरिंग कुठेतरी काढून परत बसवलं असावं. ही डबी बसवताना बरोबर मध्यावर धरावी लागते. तशी नाही धरली तर एका बाजूला वळवताना आतली पट्टी ताणली जाते आणि एक दिवस तुटते. एअरबॅग मात्र चांगली होती. "एअरबॅग गेली" म्हणून कोणी नवीन टाकली असती, तर पैसे गेले असते आणि दिवा तिथेच राहिला असता.

दिवा विझला म्हणजे सगळं ठीक का?

पूर्णपणे नाही. दिवा फक्त वायरिंगवर लक्ष ठेवतो. इन्फ्लेटरमधलं रसायन चांगलं आहे की नाही हे त्याला कळत नाही.

याचं मोठं उदाहरण म्हणजे जपानची ताकाता कंपनी. तिच्या इन्फ्लेटरमधलं अमोनियम नायट्रेट अनेक वर्षांच्या उष्णतेने आणि दमटपणाने खराब होत गेलं. अशा एअरबॅग उघडताना धातूचं कवच फुटून तुकडे उडाले आणि माणसं मेली. जगभरात कोट्यवधी इन्फ्लेटर परत मागवावे लागले आणि जून २०१७ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. भारतातही होंडासह काही कंपन्यांनी यासाठी गाड्या परत बोलावल्या. या गाड्यांमध्ये एअरबॅगचा दिवा लागत नव्हता.

म्हणून जुनी किंवा सेकंडहँड गाडी असेल, विशेषतः मुंबई, कोकण, गोव्यासारख्या दमट हवेतली, तर एक काम फोनवर आजच करा. आरसीवरचा १७ अक्षरांचा चॅसिस नंबर घ्या आणि तुमच्या कंपनीच्या वेबसाईटवर रिकॉल तपासा. तिथे सोय नसेल तर अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारा. रिकॉलमधला पार्ट कंपनी फुकट बदलून देते.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

दिवा लागलेला असताना गाडी चालवता येते का?
इंजिन चालतं, त्यामुळे गाडी चालते. पण एअरबॅग नाही असं समजूनच चालवा आणि लवकरात लवकर तपासून घ्या. बेल्ट तर हवाच.

माझ्या गाडीत एअरबॅग आहे की नाही कसं कळेल?
स्टिअरिंगवर आणि डॅशबोर्डवर एअरबॅग किंवा एसआरएस असं कोरलेलं असतं. भारतात १ जुलै २०१९ पासून ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली. पुढच्या पॅसेंजरची एअरबॅग नवीन मॉडेलना १ एप्रिल २०२१ पासून सक्तीची झाली, आधीपासून विकल्या जाणाऱ्या मॉडेलना त्यानंतर थोडी मुदत मिळाली.

सेकंडहँड गाडीत रेझिस्टर लावलाय हे कसं ओळखायचं?
फक्त दिवा बघून ओळखता येत नाही. डॅशबोर्डची शिवण आणि स्टिअरिंगचं कव्हर नवीन किंवा वेगळ्या रंगाचं वाटतं का बघा, सर्व्हिस रेकॉर्ड आणि विम्याचे क्लेम मागा आणि पैसे देण्याआधी अधिकृत सेंटरमध्ये तपासणी करून घ्या.

कोड क्लिअर केल्यावर दिवा गेला. झालं का काम?
दोष तसाच असेल तर दिवा परत येणार. आधी दुरुस्ती, मग क्लिअर. उलटं नाही.

डॅशबोर्डवर मूर्ती किंवा फोनचा होल्डर लावला तर चालतं का?
पॅसेंजर एअरबॅगच्या झाकणावर काहीही चिकटवू नका. एअरबॅग उघडली की ती वस्तू समोरच्याच्या तोंडावर येते.

शेवटी एवढंच

मित्रांनो, फोन आणि साडेसहाशेचा अडॅप्टर खूप कामाचा आहे, पण त्याने काय तपासलं आणि काय तपासलं नाही हे आपल्याला माहीत असायला हवं. तुमचं काम पुरावे गोळा करण्याचं: व्हिडिओ, हॉर्न, सीटखालचा फोटो, कोडचा स्क्रीनशॉट. दुरुस्ती जाणकाराला करू द्या. आणि कोणी "दिवा घालवून देतो" म्हणालं, तर एकच प्रश्न विचारा, "दिवा जाईल, पण एअरबॅग उघडेल का?"

आता आमच्या गाडीचा दिवा सहा सेकंदांनी विझतो. बाबाही आता चावी फिरवली की तो विझेपर्यंत थांबतात, मगच गिअर टाकतात. घरात कोणाच्या गाडीत हा दिवा लागलेला असेल तर त्यांना हा लेख नक्की पाठवा.